पान पासष्ट ते ऐंशी

१२ फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. बारा वर्षांत तू ते मागितलेले नाहीस. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. तुझा बाप वाचायला लागला.

हस, पोटभर हस. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली पण एकही वाचलं नाही, हे मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. शिंपी कुठे गिऱ्हाइकाचे सदरे घालून हिंडतो? पुस्तक आलं, उसवलं, सोळा-सोळा पानांचे फर्मे मोकळे केले, शिवले, पुठ्ठा चढवला, गेलं. आत काय लिहिलंय ही लिहिणाऱ्याची डोकेदुखी.

नोव्हेंबरात माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. तुला कळवलं नाही. तू आली असतीस तर पंचाईत, आणि आली नसतीस तर त्याहून मोठी पंचाईत. डॉक्टर म्हणाले, नव्या डोळ्यांना सवय होईपर्यंत मोठ्या अक्षरांचं काहीतरी वाचत जा. घरात मोठ्या अक्षरांचं म्हणजे एक कॅलेंडर. ते दोन दिवसांत संपलं.

सोमवारी आणि गुरुवारी मी अजून वाचनालयात जातो, जिन्याखालच्या खोलीत फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला. तिथे आता नव्या ग्रंथपालबाई आल्या आहेत. वयाने तुझ्यापेक्षा लहान, पण हुकूम सोडण्यात तरबेज. मी डॉक्टरांचं सांगितलं, तर हाताला धरून त्यांनी मला बालविभागात नेलं. "इथली अक्षरं मोठी आहेत. बसा." खुर्ची एवढीशी. बसलो तर गुडघे कानाला लागले. समोरच्या बाकावरची चार पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जसा काही मीच गोष्टीतून बाहेर पडलोय.

पहिलं पुस्तक एका उंदराचं होतं. उंदीर मालट्रक चालवतो. मी म्हटलं, शक्यच नाही, पाय ब्रेकला पोचणार कसे? पान उलटलं तर त्याने ब्रेकवर लाकडी ठोकळा बांधलेला होता. मग मी मुकाट्याने पुढे वाचत गेलो. तेव्हापासून सदतीस पुस्तकं झाली. रुसलेली विहीर, शेपूट विकणारा कोल्हा, दात पडायची वाट बघणारी राजकन्या, कोणालाच सोडलं नाही. मुंगे, इतकी वर्षं एवढा ऐवज माझ्या हातांखालून गेला आणि मला कोणी सांगितलं कसं नाही?

परवा दीपगृहाचं पुस्तक हाती आलं. तुला आठवत असेलच. वडील आजारी, दिवा विझलेला, जहाज येतंय, आणि ती एकटी मुलगी दोनशे पायऱ्या चढते. चौसष्टाव्या पानावर ती दार ढकलते. खोलीत आधीच कोणीतरी बसलेलं असतं. समोरचं पान बघावं तर थेट एक्याऐंशी, आणि तिथे एक अस्वल चहा पितंय! दिवा पेटलेला, जहाज सुखरूप, मुलगी हसतेय, सगळं आलबेल. मधली सोळा पानं नाहीत.

झालं ते झालं. तू अकरा वर्षांची होतीस, त्या वयात पोरं वस्तू लांबवतात. मी ते केव्हाच मनातून काढून टाकलंय. आई गेली तेव्हा दारात उभी राहून तू जे बोललीस, तेही मनावर घेतलेलं नाही. तेव्हा दवाखान्यात लोकांच्या हाडांचे फोटो काढून झाले की दोन मिनिटं काढ आणि मोकळेपणाने कळव. पासष्ट ते ऐंशीमध्ये काय होतं? अस्वल वर पोचलं कसं?

बाबा

३ मार्च

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, आणि ती ही: "घेतलीच नव्हती, तर वाचणार कशी?"

पुन्हा तेच तुणतुणं! मी मोठ्या मनाने विषय मिटवायला जातो, तर तू पहिल्या पानावर. असो. अक्षर मात्र आहे तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं, घाईत असल्यासारखं. कार्ड फळीवर उभं करून ठेवलंय, उगाच धूळ बसू नये म्हणून.

तू सांगत नाहीस म्हटल्यावर मी इतर पुरावे गोळा केले. चौसष्टाव्या पानाचा समास बघितला. तिथे पेन्सिलीने लिहायला जागा उरलेली नाही. तीस वर्षांत ज्या ज्या पोराने हे पुस्तक नेलं, तो तिथे येऊन अडला आणि काहीतरी खरडून गेला. "पुढची पानं कोणी खाल्ली?" "अस्वल पोहत आलं." "नाही, बोटीतून." "अस्वलाला जिना चढता येतो का?" त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "माझ्या मामाने बघितलंय, येतो." मोजली, अठ्ठावीस मतं आहेत. पुस्तकावर रेघ मारणाऱ्याचा कान पिळणारा मी, पण पेन्सिल काढली आणि एकोणतिसावं मत लिहून आलो. ग्रंथपालबाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बालविभागातली एक सात वर्षांची चष्मेवाली मुलगी माझी सल्लागार झाली आहे. मी उंदराचं नाव घेतलं की ती म्हणते, "ते लहान मुलांचं आहे, आजोबा. हे घ्या." तिची निवड अजून एकदाही चुकलेली नाही.

डोळे आता पुरते तयार झाले. बाई म्हणाल्या, मोठ्यांच्या कपाटाकडे वळा. तिथे मी चांगलं पाचशे पानांचं जाडजूड पुस्तक निवडलं, कारण बांधणी माझी होती आणि तुटणार नाही याची खात्री. फार गाजलेली कादंबरी आहे म्हणे. एका न्यायाधीशाचं भावाशी भांडण झालंय आणि त्याच्याकडे जावं की न जावं, याचा विचार करत तो खिडकीत उभा आहे. मी एकोणचाळिसाव्या पानावर आहे आणि तो अजून खिडकीतच आहे. हलला की कळवतो.

बाबा

९ मार्च

मुंगे,

तू चोर नव्हतीस.

हे सगळ्यात वर लिहितो, म्हणजे पुढचं पत्र तू न वाचता फाडलंस तरी चालेल.

काल दुपारी जेवून कादंबरी उघडली. चौसष्टाव्या पानाच्या तळाशी न्यायाधीशाने एकदाचा खिडकीच्या कडीला हात लावला. नजर समोरच्या पानावर गेली. खुर्चीत एक अस्वल बसलं होतं आणि ते म्हणालं, "दार लावून घे, वारा येतो."

खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. म्हटलं, वा, आता कुठे रंग भरला! अर्धं पान वाचलं. मग अक्षरं मोठी वाटली. मग मुलगी आली, दिवा आला, जहाज आलं. मी पुस्तक खाली ठेवलं, उठून पाणी प्यायलो, हात पुसले आणि पुन्हा बघितलं. दीपगृहाच्या गोष्टीचा पाचवा फर्मा, सगळी सोळा पानं, त्या न्यायाधीशाच्या पोटात शिवलेला. त्याच्या मागोमाग कादंबरीचा स्वतःचा पाचवा फर्मा, तोही शाबूत. दोरा माझा, मेण माझं, गाठ डाव्या हाताने मारलेली. गावात डावखुरा बांधणारा मी एकटाच.

कसं झालं ते सांगतो, सबब म्हणून नव्हे. त्या आठवड्यात टेबलावर बरीच पुस्तकं उसवून पडली होती. ही दोन एकाच मापाची, शेजारी शेजारी. प्रत्येक फर्म्याच्या पायाशी बारीक आकडा असतो. त्या आकड्याने आम्ही फर्मे लावतो, मजकूर बघत नाही. मी दोन्ही पाच एकाच गठ्ठ्यात उचलले. तीन, चार, पाच, पाच, सहा. पाचशे पानांत सोळा वाढली तर हाताला काय कळणार? एक ओळ वाचली असती तर कळलं असतं. न्यायाधीशाच्या घरात अस्वल कुठून आलं, एवढं तर मलाही कळलं असतं. पण मी वाचणारा नव्हतो ना! छाती काढून सांगायचो.

आणि तू टेबलाखाली बसून सुटे फर्मे वाचायचीस. चार वाचून झाले आणि पाचवा मागितलास. मी म्हटलं, हात लावू नकोस. दोन दिवसांनी वाचनालयातून निरोप आला की पानं कमी आहेत. मी तुला ओढून बाहेर काढलं आणि विचारलं, कुठे आहे? तू म्हणालीस, "बाबा, मी पण तोच शोधतेय." मला तो उद्धटपणा वाटला. मी तुला मारलं. मग वाचनालयात नेऊन सगळ्यांसमोर उभं केलं आणि माफी मागायला लावली. तू मागितलीस, मान वर करून, एकेक शब्द सुटा सुटा. त्या दिवसापासून माझ्यासमोर तू पुस्तक हातात धरलं नाहीस. मी तुझ्या आईला म्हणालो होतो, बघ, कशी सुधारली.

आई गेल्यावर दारात तू म्हणालीस, "मी चोर नव्हते हे तुम्ही मान्य कराल, त्या दिवशी येईन." आणि मी म्हणालो, "अजून तेच धरून बसलीस?" मनावर घेतलं नाही असं मागे लिहिलं, ते खोटं होतं. बारा वर्षं ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसतंय.

चुकलो, मुंगे. फार मोठी चूक झाली.

पण अजून येऊ नकोस. एवढ्याने भागणार नाही. तुला मी चारचौघांत उभं केलं होतं, माझी कबुली बंद पाकिटात कशी चालेल? तेव्हाच्या ग्रंथपालांनी, म्हणजे आपल्या थोरल्या साहेबांनी, बालसभासदांच्या रजिस्टरात तुझ्या नावावर लाल शाईने रेघ मारली होती. रजिस्टर अजून आहे, मी काल बघून आलो. "ग्रंथचोरी. नाव कमी केले." थोरले साहेब आता वाचनालयाचे अध्यक्ष आहेत. सत्तावीस तारखेला वार्षिक सभा आहे. त्या लाल रेघेशी माझं काम आहे.

बाबा

२८ मार्च

मुंगे,

जिंकलो!

क्रमाने सांगतो, नाहीतर मजा जाईल. सभा वाचन कक्षातच होती, साठ-सत्तर माणसं. थोरले साहेब त्र्याऐंशीचे झाले, पण आवाज तोच, जणू प्रत्येकाचं पुस्तक परत करायचं राहिलंय. अहवाल झाला, पंख्यांवर चर्चा झाली, आणि "आयत्या वेळचे विषय" म्हटल्यावर मी उठलो. मागे नाही, पुढे जाऊन उभा राहिलो, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी, तुला जिथे उभं केलं होतं बरोबर तिथे.

मी म्हटलं, तीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं नाव चोर म्हणून काढलं गेलं, ते परत लावा.

साहेब म्हणाले, "अहो, एवढी जुनी रजिस्टरं उकरून काय साधणार? आणि पुरावा काय?"

मी कादंबरी टेबलावर ठेवली. "साहेब, हे आपण वाचलंय?"

"वाचलंय?" साहेब सभेकडे बघून हसले. "मी याच्यावर याच खोलीत दोन तास बोललोय."

"आणखी कोणी वाचलंय?" बरेच हात वर झाले. उपाध्यक्षांचा, चिटणीसांचा, निवृत्त हेडमास्तरांचा. पुस्तकामागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकेचाळीस शिक्के आहेत, मी मोजले होते. मग मी म्हटलं, "तर साहेब, पासष्टावं पान जरा मोठ्याने वाचता का?"

साहेबांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि व्याख्यानाच्या आवाजात सुरुवात केली. "खुर्चीत एक अस्वल बसलं होतं." ते थांबले. आधी ग्रंथपालबाईंना हसू फुटलं, मग सगळ्या खोलीला. वर गेलेले हात कधी खाली आले ते कोणी पाहिलं नाही. मुंगे, एकेचाळीस जणांनी ते पुस्तक नेलं, पण एकही माणूस पासष्टाव्या पानापर्यंत पोचला नव्हता! तिकडे पोरं प्रत्येक वेळी चौसष्टापर्यंत पोचत होती आणि पुढचं कुठे आहे म्हणून पेन्सिलीने ओरडत होती.

मला साहेबांची फजिती करायची नव्हती. म्हणजे थोडी करायची होती, पण तेवढ्यासाठी गेलो नव्हतो. हसणं ओसरल्यावर मी सांगितलं की हा फर्मा माझ्या हाताने इथे शिवला गेला. मुलीने घेतला नव्हता. ती खरं बोलत होती आणि मी तिला मारलं. साहेबांना चुकीची माहिती मी दिली, म्हणून या प्रकरणात चोर कोणी असेल तर मी. तिची तीस वर्षांची वाचनाची हौस मी पळवली. एवढं बोलून झालं. हेडमास्तरांनी उठून मला खुर्ची दिली. मी बसलो नाही, कारण तुला कोणी दिली नव्हती.

साहेब मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, रागावले. चिटणीस म्हणाले, "साहेब, निर्णय?" साहेबांनी बोट वर केलं. "एक मिनिट. तिने अजून दिवा पेटवलेला नाही." ते वाचत होते! सगळी सभा सोळा पानं होईपर्यंत बसून राहिली.

पुस्तक मिटून साहेबांनी रजिस्टर मागवलं. लाल शाईचं पेन त्यांच्याच खिशात होतं, अजून बाळगतात. जुनी ओळ खोडली, वर लिहिलं, "आमची चूक. नाव पूर्ववत." खाली सही, सभेची तारीख. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मुलगी मान वर करून उभी होती. मला आठवतंय. त्यावरूनच मला कळायला हवं होतं." मग त्यांनी सभासद क्रमांक तोच ठेवायला सांगितला, एकशे बारा.

तर क्रमांक एकशे बारा, आपण आमच्या वाचनालयाच्या सभासद आहात. बालविभागात एकेचाळीस वर्षांच्या सभासदाला बंदी आहे का, असं चिटणीसांनी विचारलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अडुसष्ट वर्षांचा चालतो, तर एकेचाळीसची का नाही?" ठराव एकमताने पास.

आज सकाळी दोन्ही पुस्तकं उसवली आणि ज्याचं त्याला देऊन पुन्हा शिवली. या वेळी प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ वाचून. कादंबरीही मी संपवली, बरं का. न्यायाधीश एकशे बाराव्या पानावर घराबाहेर पडतो, आणि त्यानंतर काय सुंदर आहे ती! शेवटची चाळीस पानं मी जेवण टाकून वाचली. लोक उगाच खिडकीत कंटाळून परत फिरतात.

तुला काही मागत नाही. जे झालं ते कळवलं.

बाबा

११ एप्रिल

मुंगे,

तुझं कार्ड आलं. बाकीच्या पत्रांच्या गठ्ठ्यात होतं, पोस्टमनसमोरच उभ्या उभ्या वाचलं. "अस्वल कसं आलं ते सांगू नका. मी शनिवारी येते."

पोस्टमनने विचारलं, बातमी चांगली आहे ना? मी त्याला दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तो म्हणाला की त्याला पुढची घरं आहेत.

तुझ्या त्या पुस्तकामुळे इकडे काय गोंधळ झालाय ते ऐक. दीपगृहाचं पुस्तक पुरं झाल्याची बातमी बालविभागात फुटली आणि पंधरा पोरांनी नंबर लावला. बाईंनी सांगितलं की पहिला नंबर एकशे बाराचा. एकच गिल्ला झाला. तेव्हा माझी चष्मेवाली सल्लागार उभी राहिली आणि तिने विचारलं, "ती किती दिवस थांबलीय?" मी म्हटलं, तीस वर्षं. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिलं आणि इतरांना म्हणाली, "तिला आधी." ती जुनी पोरं, ज्यांनी समासात लिहिलं होतं, त्यांतली काही आता बाप झाली आहेत. दोघे येऊन नंबर लावून गेले.

त्या सोळा पानांत काय आहे ते गावात फक्त दोन म्हाताऱ्यांना माहीत आहे. थोरल्या साहेबांना राहवत नाही. परवा फाटकाशी मला गाठून म्हणाले, "काय युक्ती केली हो त्या अस्वलाने!" मी त्यांना ओढून बाजूला घेतलं, पोरं जवळच होती. आम्ही दोघं मग कोपऱ्यात उभे राहून अर्धा तास त्यावर बोललो. या माणसाशी मी तीस वर्षं मान हलवण्यापलीकडे गेलो नव्हतो.

शनिवारी बाई वाचनालय तासभर लवकर उघडणार आहेत, म्हणजे तुला निवांत वाचता येईल. पहिल्या पानापासून वाच, थेट पासष्टवर उडी मारू नकोस. मी जिन्याखाली माझं काम करत बसेन. तुला काही बोलायचं असेल, रागवायचं असेल, तर ये. नसेल, तर दुसरं पुस्तक घे. कपाटं भरलेली आहेत आणि मी तुझ्यापेक्षा फक्त साठ पुस्तकं पुढे आहे.

गाडी किती वाजता पोचते तेवढं कळव. मी स्टेशनवर असेन आणि अस्वलाबद्दल एक अक्षर बोलणार नाही. मला फारच राहवेनासं झालं, तर तू माझ्या तोंडावर हात ठेव.

बाबा